टर्बो गेला म्हणे!

खंबाटकी चढताना माझ्या डिझेल गाडीचा जीवच गेला. इंजिनचा दिवा लागला, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. पुण्यात आल्यावर घराजवळच्या गॅरेजात नेली. स्कॅनरवर कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) कमी. मालकाने इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून आत बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट माझ्या नाकापुढे धरलं. "साहेब, टर्बो तेल फेकतोय. गेला."

इथेच मी फसलो. ब्रीदरमधून (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणाऱ्या वाफेमुळे त्या पाइपात थोडा ओशटपणा धडधाकट गाडीतही असतो, हे मला कुठे ठाऊक!

रिकंडिशन टर्बोचे ३८,००० मोजले. जुना मागितला, तर म्हणे "एक्स्चेंजमध्ये गेला". (जुना पार्ट परत हवा, हे काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घ्या.) बिलावर नुसतं 'टर्बो काम'. अकरा दिवस गाडी झकास पळाली, मग पुन्हा तेच रडगाणं.

या खेपेला नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवली. मॅप सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९४ किलोपास्कल. "पुण्यात हवेचा दाब एवढाच. सेन्सर खरं बोलतोय." मग हातपंपाने टर्बोच्या ॲक्च्युएटरला (टर्बोची पाती हलवणाऱ्या डबीला) व्हॅक्यूम दिला. रॉड सरकला आणि तिथेच थांबून राहिला. म्हणजे आतला पडदा शाबूत. उरल्या नळ्या. माझ्या गाडीत टर्बोची पाती व्हॅक्यूमच्या ओढीवर हलतात. वाटेत कुठे हवा शिरली की बूस्ट पडतो. व्हॅक्यूम पंपापासून एकेक नळी चाचपत काका सोलेनॉइडपाशी (व्हॅक्यूम कमीजास्त करणाऱ्या विजेच्या झडपेपाशी) आले आणि हसायला लागले. तिथली नळी उष्णतेने कडक होऊन टोकाला चिरली होती, आणि चिरेवर नवीकोरी काळी टेप गुंडाळलेली. टेपचा चिकटपणा गरमीने सुटला होता, इतकंच.

"अहो काका, पण टर्बो तर नवा बसवलाय."

"या नटांचा गंज बघा. वर्षानुवर्षं पाना लागलेला नाही."

दोन फूट नळी आणि मजुरी, एकूण ३५० रुपये.

ती टेप घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. मालक शांतपणे म्हणाला, "साहेब, बिलावर टर्बो बदलला असं कुठे लिहिलंय?"