खाडीकाठी तिवरं (खारफुटी) बरी की काँक्रीटची भिंत?

ऐरोलीच्या खाडीवर ओहोटीला उभं राहा. चिखलातून बोटभर उंचीची श्वसनमुळं वर आलेली, त्यांच्यामधून निवटे मासे टुणटुण उड्या मारतायत, आणि मुळांना शहरभरच्या प्लास्टिक पिशव्या अडकलेल्या. तिवरांचं काम इथं डोळ्यांनी दिसतं. मुळं गाळ धरतात, तळ हळूहळू उचलला जातो, म्हणजे समुद्र थोडा वर सरकला तरी झाडं काही अंशी त्याच्याबरोबर वर चढू शकतात. कोळंबीची, चिंबोरीची पिल्लं इथंच वाढतात. मुळांखालचा चिखल कार्बन साठवून ठेवतो.

भिंतीची उंची मात्र बांधली तेवढीच. लाटा ती लगेच अडवते, जागा कमी खाते, डास-वासाची तक्रारही नाही (बिल्डरला तर ती फारच आवडते). पण भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले, की आतलं पाणी जायचं कुठून? नवी मुंबईचा बराच भाग खाजणात भराव घालून वसलाय, म्हणून तर भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव आणि खाडीचं पाणी आत येऊ न देणाऱ्या झडपा लागल्या. त्या तलावांत गाळ साचून तिवरं उगवली, की पाणी मावायला जागा कमी पडते, हेही खरं.

तरी माझं मत तिवरांना. ऐरोलीची ही ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) खातात ते चिखलातले जीव आणि शेवाळ भिंतीवर पिकत नाही. फक्त समुद्र वर आला की मागे सरकायला तिवरांच्या पाठीमागे थोडी मोकळी जमीन हवी. नेमकी तीच आपण विकून बसलोय.