स्कीचा बेस म्हणून साधं प्लॅस्टिक गळ्यात मारलं, माझे ८४० डॉलर गेले

घरी स्की बनवायचं सामान कोणा खासगी माणसाकडून घेणार असाल तर आधी हे वाचा. दोन महिने मी ओळखीच्या कुणाला काही बोलले नाही, कारण लाज वाटत होती. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आणि मला प्लॅस्टिकच्या शीटमध्येच गंडवलं. आता लाजेपेक्षा संताप जास्त आहे.

आम्ही अमेरिकेत, डेन्व्हरजवळ राहतो. लेक भराभर वाढतोय, दर हिवाळ्यात स्की तोकड्या पडतात. म्हणून दोन जोड्या आपणच गॅरेजमध्ये बनवू, असं दोघांनी ठरवलं. सगळं सामान एकत्र देणारा एक जण ऑनलाइन भेटला. 'वर्कशॉप बंद करतोय, उरलेला माल काढतोय.' 'अजून दोघं विचारतायत.' पैसे आधी, तेही फोनवरून थेट खात्यात. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

बेस शीट (स्कीचा बर्फावर घसरणारा तळ) १८० डॉलर, फायबरग्लासचं कापड १४०, इपॉक्सी (सगळे थर चिकटवायचा गोंद) १६५, स्टीलच्या एजेस, म्हणजे कडेच्या पट्ट्या, ९५. लाकडी कोर, म्हणजे स्कीचा आतला गाभा, नंतर पाठवतो म्हणून २६० आगाऊ. एकूण ८४०.

हावरटपणा केला म्हणाल, तर तसं नव्हतं. त्या माणसाला विषय येत होता. कोरला ॲशचं लाकूड घेऊ का, असं विचारल्यावर म्हणाला, 'मुलगा हलका आहे, पॉप्लर घे. बाइंडिंगखाली मात्र मेपलच्या पट्ट्या घाल, नाहीतर स्क्रू उपटून येतील.' (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवायची पकड.) बरोबरच आहे हे! एजवर रबराची पातळ पट्टी टाकायची आठवणही त्यानेच करून दिली. इतकं बारकाईनं सांगणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा?

पण घ्यायला हवा होता, आणि नेमका कधी तेही सांगते. सिल्व्हरथॉर्न गावाला हायवेलगतच्या पार्किंगमध्ये भेटलो. उणे बारा तापमान, हातात जाड ग्लोव्ह्ज. त्यानं ट्रकच्या मागच्या फळीवर काळी शीट उलगडली. दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत होत्या. मी ते पाहिलं. विचारलंसुद्धा! स्कीचा बेस पॉलिइथिलीनचा असतो आणि त्याला कुठलंच इपॉक्सी धरत नाही, म्हणून चिकटवायची बाजू कारखान्यातच ज्योतीनं किंवा तत्सम प्रक्रियेनं तयार करून देतात. ती बाजू मंद, खरखरीत दिसते. तो म्हणाला, 'वर पातळ फिल्म आहे, घरी सोलून काढ.' मी मान डोलावली. ग्लोव्ह काढून एक बोट फिरवलं असतं तर तिथेच कळलं असतं. थंडी होती, मागे गाड्या थांबल्या होत्या, लेक गाडीत वाट पाहत होता. हे सगळं खरं आहे, पण ग्लोव्ह काढायला दोन सेकंद लागतात.

घरी पंधरा मिनिटं कोपरा नखानं खरवडला. फिल्म नव्हतीच. फोन केला तर म्हणे, ॲसिटोननं पूस. पुसलं, सँडपेपरही मारला. कापड कापून झालं होतं, तोच एक वीकेंड हाताशी होता, म्हणून पुढे गेले. व्हॅक्यूम बॅगमध्ये (आतली हवा काढली की बाहेरच्या हवेच्या दाबानं थर दाबले जातात) २४ तास ठेवून पहिली स्की बाहेर काढली. टोकाला नख लावलं आणि अख्खा बेस केळीच्या सालीसारखा निघून आला. आतलं इपॉक्सी आरशासारखं गुळगुळीत, एक कण चिकटलेला नाही. लेक काही बोलला नाही, नुसता शीटचा तुकडा हातात धरून उभा राहिला.

शीट घेताना पाण्याचा थेंब टाका. तयार केलेल्या बाजूवर तो पसरतो, कच्च्या बाजूवर गोळी होऊन बसतो. विकणारा हे करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

बेस निघून आल्याचं कळवल्यावर त्या विकणाऱ्याचं उत्तर काय, तर 'डेन्व्हरच्या उंचीवर व्हॅक्यूमचा दाब कमी पडतो.' पडतो हे खरंच, समुद्रसपाटीला चौरस इंचामागे साडेचौदा पाउंडांच्या वर मिळतो, इथे जेमतेम बारा. पण म्हणून बेस सालीसारखा निघत नाही. त्यानंतर फोन बंद. कोर आले नाहीत ते नाहीतच.

बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. (क्रेडिट कार्डानं दिले असते तर निदान वाद घालता आला असता. खात्यातून थेट कधीही देऊ नका.) आमच्या भागातले पोलीस म्हणाले, व्यवहार दुसऱ्या काउंटीत (जिल्ह्यात) झालाय, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, विकणारा युटाह राज्याचा दिसतोय. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका अधिकाऱ्यानं कागद न वाचताच सांगितलं, 'माल मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब आहे.' अहो, माल मिळाला नाही, खोटा माल मिळाला! ग्राहक तक्रार कार्यालयाचं पत्र सहा आठवड्यांनी आलं: विक्रेता व्यावसायिक नसल्यानं आमच्या कक्षेत बसत नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जावं तर समन्स बजावायला पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे एक बंद नंबर. फोटो, पावत्या, सोललेला बेस, सगळं घेऊन हिंडले. एकानंही तो तुकडा हातात घेऊन पाहिला नाही. पैसे देण्याआधी ओळखपत्राचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो घ्या, समोरच्याला राग आला तरी.

आणि आधी हातभर तुकडा मागवा. घरच्या लाकडावर घरच्याच इपॉक्सीनं चिकटवा, दुसऱ्या दिवशी ओढून पाहा. लाकूड आलं की ओलावा मोजा, सहा ते आठ टक्क्यांच्या वर असेल तर चिकटवू नका.

मागच्या आठवड्यात नव्या नावाखाली तीच जाहिरात दिसली. तेच हिरवं टेबल, डाव्या कोपऱ्यात तोच दांडा तुटलेला व्हाइस, शीटची किंमत आता २०० डॉलर. हा फोटो तुम्हाला दिसला तर पैसे पाठवू नका. आणि त्याचा खरा पत्ता कुणाकडे असेल तर मला कळवा, दाव्याचे कागद तयार आहेत.