दरजा भरल्या, पण नखभर! अंगणातल्या फरशीच्या कामात फसवतात ते असं

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दोन मिस्त्री, एक पोऱ्या, ग्रायंडर आणि चार-पाच पोती घेऊन एक टेम्पो गावात शिरला. "काकाजी, बाजूच्या गावात काम होतं, माल उरला. तुमच्या आंगनातल्या सांदी भरून देतो, पाच वर्ष गवताचा कोंब नाही निघनार." सांदी म्हणजे फरश्यांमधल्या फटी, सांधे; मिस्त्री त्यांनाच दरजा म्हणतात. पेरणीच्या आधी अंगण नीट करायचं घरात ठरलेलंच होतं. सकाळी दहाला सुरू झालेलं काम दुपारी तीनला संपलं. मजुरी २२,४०० रुपये, सिमेंट आणि 'केमिकल'चे ४,८०० वेगळे. जुलैमध्ये सांध्यांवरून पापुद्रे सुटायला लागले, पोळ्यापर्यंत अर्ध्या अंगणात हराळी वर आली. फोन अर्थातच बंद.

अंगण वीस फूट बाय सोळा फूट, फरशी शहाबादी, दोन बाय दोनची. म्हणजे ८० फरश्या. दर ठरला होता रनिंग फुटाला, म्हणजे सांध्याच्या फूटभर लांबीला, ३५ रुपये, आणि लबाडी सुरू झाली ती टेपपासूनच. मिस्त्रीने एका फरशीच्या चार बाजू धरल्या, झाले ८ फूट, त्याला ८० ने गुणलं आणि ६४० फूट सांगितलं. ऐकायला बरोबर वाटतं. पण दोन फरश्यांमध्ये सांधा एकच असतो, तो या हिशेबात दोनदा मोजला गेला. खरं माप रेषांनी घ्यायचं. सोळा फुटांच्या ९ रेषा म्हणजे १४४, वीस फुटांच्या ७ रेषा म्हणजे १४०. एकूण २८४ फूट. कडेच्या चारही बाजू धरल्या तरी ३५६ च्या वर जात नाही. मजुरी २२,४०० नव्हे, फार तर १२,४६० रुपये होत होती. बाकी पैसे निव्वळ गुणाकारात गेले.

सोपा ताळा असा की दोन बाय दोनच्या फरशीत जितके चौरस फूट अंगण, साधारण तितकेच रनिंग फूट सांधा. एक बाय एकची फरशी असेल तर दुप्पट. याच्या फार पुढे आकडा गेला की तिथेच थांबवा.

आता मालाचं. बिलात पाच पोती सिमेंट लावलं होतं. सांधा सरासरी १० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल धरला, तर २८४ फुटांत जेमतेम २२ लिटर मसाला मावतो. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू या प्रमाणात त्याला १० ते ११ किलो सिमेंट लागतं. सांडलवंड धरून १३ किलो, म्हणजे पाव पोतं. वाळू वीस लिटरच्या बादलीने सव्वा बादली. सांधे दुप्पट रुंद असले तर माल दुप्पट, तरीही अर्धंच पोतं. तीनशे-सव्वातीनशे चौरस फूट अंगणाला पाच पोती कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. उरलेली पोती त्याच टेम्पोत परत गेली असणार.

पण टेप आणि पोतं ही वरवरची चोरी. खरी चोरी सांध्याच्या पोटात असते.

दरज भरायची म्हणजे आधी जुनी दरज रिकामी करायची. छन्नीने किंवा आठ मिलिमीटरच्या गजाला टोक काढून आतला सगळा चुरा, माती, मुळं उकरायची. खोली निदान इंचभर, आणि सांधा रुंद असेल तर रुंदीच्या दुप्पट. हे कंटाळवाणं काम आहे, चांगला गडी दिवसभर बसला तरी पूर्ण अंगण होत नाही. म्हणूनच तीनशे फुटांचं उकरणं, भरणं आणि पुसणं पाच तासांत झालं, तर उकरणं झालेलंच नाही असं खुशाल समजावं. त्या घरी काय केलं, तर ग्रायंडर फक्त वरून फिरवला. धूळ भरपूर उडाली, काम चाललंय असं वाटलं, फरश्यांच्या कडा मात्र जागोजागी टवकल्या. मग कोरडं सिमेंट झाडूने सांध्यांवर लोटलं आणि वरून बादलीने पाणी शिंपडलं.

नुसतं सिमेंट, वाळूशिवाय, वाळताना आकसतं आणि तडकतं. त्यात पाणी पोचतं वरच्या तीन-चार मिलिमीटरपर्यंत. खाली जुनी माती तशीच, तीत हराळीच्या गाठी तशाच. दोन दिवस ते काळंकरडं, गुळगुळीत, सुरेख दिसतं. वापरलेलं सिमेंटही जुनं असू शकतं. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा किंवा महिना आणि साल छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं, हाताला गठ्ठे लागणारं पोतं परत पाठवा. ओलाव्याने त्याची ताकद आधीच गेलेली असते.

वेळही चुकीची होती. मे महिन्यात दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. असा तापलेला दगड मसाल्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि सिमेंट पकडण्याआधीच त्याची भुकटी होते. वर आपली काळी माती. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात, सांधे सर्वांत रुंद झालेले असतात. तेव्हाच ते घट्ट बुजवले की मृगाच्या पावसाने माती फुगते, फरश्या एकमेकींना रेटतात, आणि आतला कडक मसाला एक तर चिरतो, नाही तर उचलला जातो. दिवाळीनंतर, जमिनीत थोडी ओल असताना हे काम करावं. उन्हाळ्यातच करायचं झालं तर ऊन उतरल्यावर, आणि फरशीला आधी चांगलं पाणी पाजून.

त्याआधी एक गोष्ट पाहायची, जी कोणताही फिरता ठेकेदार पाहत नाही. कोपऱ्यातली एक फरशी उचलून खाली काय आहे ते बघा. खाली चुनखडीचा किंवा सिमेंटचा थर असेल तर सिमेंटची दरज टिकते. नुसता मुरूम आणि वाळू असेल तर फरशी चालताना हलत राहणार, आणि हलत्या फरशीत सिमेंट कधीच टिकत नाही. तिथे कोरडी बारीक वाळू भरून झाडूने आत बसवणं हेच बरोबर, दर वर्षी थोडी वाढवावी लागली तरी. प्रत्येक फरशीवर थापीच्या दांड्याने ठोकून पाहा. ज्या पोकळ वाजतात त्या आधी उचलून बसवायच्या, नंतर दरजा. पेव्हर ब्लॉकचं तर सगळंच वेगळं. त्यांचे सांधे वाळूचेच असायला हवेत. ते सिमेंटने 'पक्के' करून देतो म्हणणारा माणूस तुमचं नुकसानच करतोय.

'केमिकल' काय होतं? त्यांनी इपॉक्सी म्हणून सांगितलं. इपॉक्सी नेहमी दोन भागांत येतं, राळ आणि ती घट्ट करणारा दुसरा घटक, बहुधा सोबत भुकटीही. हे एकत्र कालवल्यावर तासाभराच्या आत वापरावं लागतं, नाही तर भांड्यातच दगड होतो. एकच पुडी पाण्यात कालवली तर ते इपॉक्सी नाही. त्या घरी राखाडी रंग टाकलेलं पांढरं सिमेंट होतं. आणि खरं इपॉक्सी असतं तरी उघड्या अंगणात ते उन्हाने पिवळं पडतं. तिथे त्याचं काम नाही.

नीट काम कसं दिसतं, म्हणजे उभं राहून बघता येईल. उकरलेला सांधा झाडून, पाणी मारून ओला केलेला, पण आत पाणी साचलेलं नाही. मसाला इतका कोरडा की मूठ आवळली तर लाडू व्हावा, हाताला पाणी सुटू नये. तो नैल्याने, म्हणजे लहान थापीने, दाबून दोन थरांत भरायचा, पहिला थर गजाच्या टोकाने ठोकून. वाळू धुतलेली हवी. कन्हान-वैनगंगेची वाळू महागली म्हणून नाल्याची गाळवट वाळू किंवा क्रशरची डस्ट खपवतात. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू नको. घराच्या भिंतीलगतची अर्ध्या इंचाची फट सिमेंटने बुजवू देऊ नका, अंगणाला सरकायला तेवढीच जागा असते. भरल्यावर सात दिवस ओलं बारदान अंथरून तराई, म्हणजे मसाला ओला ठेवणं. फिरता मिस्त्री सात दिवस थांबत नाही, त्यामुळे तराई आपल्याच माथी येते हे धरून चाला.

आणि पैसे देण्याआधी खिळा. तिसऱ्या दिवशी अंगणात तीन ठिकाणी, आपण निवडलेल्या, चार इंची खिळा सांध्यात हाताने दाबायचा. तो रुतला तर खाली काही नाही. निम्मे पैसे या खिळ्यापर्यंत हातात ठेवायचे, हे काम सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहून घ्यायचं. रनिंग फूट, खोली, मसाल्याचं प्रमाण आणि सही, चार ओळी पुरतात. पैसे यूपीआयने द्या आणि काम चालू असताना उकरलेल्या सांध्यांचे फोटो काढा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण समोरच्याचं नाव-गावच माहीत नसेल तर तक्रार कोणावर करणार? टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो आधीच काढलेला बरा.

बिघडलेलं अंगण दुरुस्त करताना आणखी एक सापळा असतो. फरशीवर सिमेंटचा पांढरा थर बसलेला पाहून दुसरा कोणी ॲसिड मारून देतो म्हणतो. शहाबादी, कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड पडताच फेस येतो, तो डागाचा नाही, दगडाचा. पॉलिश जातं, वर खरबरीत पांढरे चट्टे राहतात ते कायमचे. लिंबाचा थेंबही त्यावर खूण सोडतो. पातळ थर ओला करून पॉलिशच्या दगडाने हलक्या हाताने घासावा. सांध्यांवरची पापडी छन्नीने उडवावी, आतली माती मुळांसकट उकरावी आणि पहिल्यापासून इंचभर भरावं. त्या घरी पाव पोत्यात हे झालं असतं.