कुशादासीतला ‘रेशमी’ गालिचा

तुर्कस्तानच्या सुट्टीत ‘फ्लोश’ हा शब्द मी दोनदा वाचला. पहिल्यांदा तो कुशादासीच्या बंदरालगतच्या बाजारात, एका दुकानाच्या काचेमागे टांगलेल्या गालिच्याच्या चिठ्ठीवर दिसला. खाली 380 युरो अशी किंमत होती, आणि ‘फ्लोश’ हे गालिचा विणणाऱ्या एखाद्या गावाचे नाव असावे, असे आम्ही नवरा-बायकोने परस्पर ठरवून टाकले. दुसऱ्यांदा तो शब्द आमच्याच गालिच्याच्या प्रमाणपत्रावर दिसला. तोवर आमच्या कार्डावरून 1,78,000 रुपये गेले होते.

2023च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही इस्तंबूल पाहून इझमिरमार्गे कुशादासीला चार दिवस राहिलो. एजियन समुद्राकाठचे हे गाव क्रूझ जहाजांवर जगते. सकाळी जहाज धक्क्याला लागले की बाजार जागा होतो, आणि संध्याकाळी ते निघून गेले की तेच दुकानदार दारात निवांत चहा पीत बसतात. ग्युव्हेर्जिनआदा या किल्ल्याच्या बेटावर बांधावरून चालत जाता येते, समोर ग्रीसचे सामोस बेट दिसते, आणि ऑक्टोबरातही समुद्राचे पाणी अंगाला सुखद लागते. गावाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एफेसस या प्राचीन शहराच्या सहलीत ठरलेल्या कार्यक्रमाबाहेर घडलेल्या दीड तासाची.

एफेससचे अवशेष कुशादासीपासून साधारण वीस किलोमीटरवर, सेलचुकजवळ आहेत. दोल्मुश नावाच्या तिथल्या वडापच्या गाडीने अगदी थोड्या पैशांत सेलचुकला जाता येते, हे आम्हाला माहीत होते; तरीही मार्गदर्शक, जेवण आणि प्रवेशशुल्क यांसह मिळणारी सहल आम्ही घेतली, कारण तिची किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी होती. ती कमी का आहे, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मिनीबसमध्ये आम्ही आठजण होतो. मार्गदर्शक गृहस्थ साठीकडे झुकलेले, गळ्यात सरकारी परवान्याचे ओळखपत्र, इंग्रजी अस्खलित. सेल्ससच्या ग्रंथालयाचा आज उभा दिसणारा दर्शनी भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी 1970च्या दशकात मूळच्या दगडांतून पुन्हा रचला, पंचवीस हजार माणसे बसतील असे तिथले नाट्यगृह आहे, आर्टेमिसच्या मंदिराचा आज एकच स्तंभ उभा आहे, असे त्यांनी जे जे सांगितले ते मी घरी आल्यावर ताडून पाहिले. त्यात एकही गोष्ट खोटी निघाली नाही. सकाळी चार तास खरे बोलणाऱ्या माणसावर दुपारी कोण संशय घेणार?

जेवण झाल्यावर गाडी एका मोठ्या, वातानुकूलित इमारतीपुढे थांबली. ही दुकानाची इमारत नसून गावातल्या बायकांना गालिचा विणायला शिकवणारी संस्था आहे, पाहण्याचे पैसे नाहीत आणि घेण्याची सक्ती नाही, असे मार्गदर्शकांनी सांगितले आणि स्वतः मागच्या खोलीत निघून गेले. पुढचे दीड तास ते आम्हाला दिसले नाहीत.

आत पहिल्याच दालनात गरम पाण्याच्या घंगाळात रेशमाचे कोश तरंगत होते, आणि एक बाई त्यांवरून धागा ओढून फिरत्या चाकावर गुंडाळत होती. धागा दिसेल न दिसेल इतका बारीक होता. शेजारी मागावर एक मुलगी बसली होती. ती प्रत्येक गाठ दोन ताण्यांना, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, मिळून घालत असे आणि सुरीने कापत असे. ही ग्योर्देस गाठ, इराणी गाठीपेक्षा वेगळी आणि अधिक घट्ट बसणारी, असे विक्रेत्याने समजावले. मग गालिच्यांसाठी नावाजलेल्या हेरेके गावाची गोष्ट निघाली: सुलतान अब्दुलमजीदच्या काळात, 1843 साली उभा राहिलेला कारखाना, राजवाड्यांसाठी विणलेले गालिचे, आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर गाठी घातलेले रेशमी हेरेके. हेही सगळे खरेच आहे.

त्यानंतर आम्हाला बाकांवर बसवून कमरेत बारीक असलेल्या छोट्या पेल्यांतून सफरचंदाचा चहा देण्यात आला. (तुर्की माणूस स्वतः दिवसभर काळा चहा पितो; सफरचंदाचा गोड चहा बहुतेक पाहुण्यांसाठीच असतो, हे मला नंतर कळले.) दोन तरुण एकामागून एक गालिचे हवेत फेकून आमच्या पायांशी उलगडू लागले. एका बाजूने पाहिले तर निळा आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी दिसणारा एक गालिचा माझ्यासमोर पडला. साधारण तीन फूट बाय पाच फूट, मधोमध जीवनवृक्ष, फांद्यांवर पक्षी. माझी नजर त्यावर थबकली, आणि विक्रेत्याने ती टिपली. पुढच्या दोन मिनिटांत बाकीचे गालिचे गुंडाळले गेले होते आणि आम्हा दोघांना ‘शांतपणे बोलण्यासाठी’ आतल्या खोलीत नेले होते.

इथे माझ्या शहाणपणाची कथा सांगणे भाग आहे. माझे आजोळ येवल्याचे आहे. पैठणी घेताना ती उलटी करून पाहावी, हातमागाची असेल तर काठ आणि पदर मागूनही पुढच्यासारखेच सुबक दिसतात, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. त्याच तोऱ्यात मी गालिचा उलटा केला. मागे प्रत्येक गाठ स्वतंत्र दिसत होती, ओळी किंचित वेड्यावाकड्या होत्या. यंत्राचे काम नव्हते. मी समाधानाने मान हलवली. विक्रेता म्हणाला, “मॅडम, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.” मी सरळ विचारले की हे रेशीम आहे ना. त्यावर त्याने ‘हो’ म्हटले नाही. माझा हात धरल्यासारखे करून तो लवेवरून, म्हणजे गालिच्याच्या वरच्या मऊ धाग्यांवरून, फिरवायला लावला आणि म्हणाला, “तुम्हीच सांगा, सिल्क क्वालिटी आहे.” गार, मऊ, झळाळणारा स्पर्श होता. मी स्वतःच स्वतःला उत्तर दिले.

दोन गोष्टी तेव्हाही डोळ्यांसमोर होत्या. गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या ताण्याचीच टोके असतात, आणि अस्सल रेशमी हेरेकेत ताणाही रेशमाचाच असतो. आमच्या गालिच्याची झालर मात्र पांढुरकी, निस्तेज, सुताची होती. मी विचारले तेव्हा ‘मजबुतीसाठी’ असे उत्तर मिळाले. दुसरे असे की शंभर गाठींची गोष्ट ऐकून दहा मिनिटेही झाली नव्हती, पण पट्टी लावून त्या मोजाव्यात असे मला सुचले नाही. नंतर मोजल्या. सेंटिमीटरच्या एका बाजूला पाच भरतात, म्हणजे चौरसात पंचवीस.

किंमत 4,800 युरोंपासून सुरू झाली. आम्ही उठलो की ती उतरे, बसलो की थांबे. मध्येच ‘मालक’ म्हणून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी भारताबद्दल चार शब्द प्रेमाने काढले आणि ‘दिवसाची पहिली विक्री’ म्हणून 1,900 युरोंवर हात पुढे केला. (दुपारचे तीन वाजत आले होते.) 2,900 युरो वाचवल्याच्या आनंदात आम्ही कार्ड काढले. यंत्राने लिरा, युरो की रुपये असा पर्याय विचारला तेव्हा विक्रेत्याने आपुलकीने रुपयांचे बटण स्वतःच दाबले, ‘म्हणजे नेमके किती ते तुम्हाला कळेल’. नेमके कळले खरे, पण असा पर्याय निवडला की रुपांतराचा दर आपल्या बँकेचा न राहता त्या यंत्रामागच्या कंपनीचा लागतो. त्या दिवशीच्या दराशी ताडले तर एवढ्या एका बटणाचे आम्हाला दहा हजारांच्या आसपास पडले. परदेशात यंत्राने विचारले तर स्थानिक चलनच निवडावे, आणि बटण आपल्याच बोटाने दाबावे.

यानंतर घडले ते लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मालकांनी विचारले, “कस्टमला त्रास नको म्हणून बिल कमी रकमेचे करू का?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हो म्हटले. बिल 450 युरोंचे झाले. विमानतळावर ते कोणी मागितलेही नाही.

भाऊबीजेला आईला घेऊन येवल्याला गेले तेव्हा मिरवायला म्हणून गालिचा सोबत नेला. मामांची हयात मागावर गेली. त्यांनी आधी मागची बाजू पाहिली, गाठींचे कौतुक केले, मग लव दोन बोटांत चोळली आणि गप्प झाले. कडेच्या लवेतला एक सुटा धागा त्यांनी कात्रीने कापून चिमट्यात धरला आणि काडी ओढली. धागा भुर्रकन पेटला आणि बशीत करड्या राखेची चिमूट पडली. “रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो गं, आणि मागे काळा मणी राहतो, बोटाने चुरडला की भुगा होतो,” मामा म्हणाले. “हा तर कागद जळाल्याचा वास.” त्याच रात्री प्रमाणपत्र काढून मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केले. सोनेरी शिक्क्याखाली तुर्कीत स्वच्छ लिहिले होते: हातविणीचा गालिचा, लव फ्लोश, ताणा सूत. फ्लोश म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला व्हिस्कोसचा धागा. दिसतो रेशमासारखा, पण ओला झाला की कमजोर पडतो आणि धुतल्यावर अनेकदा पिवळट, कडक होतो. कृत्रिम रेशीम, बांबू सिल्क ही त्याचीच शहरी नावे. रेशमाला तुर्कीत ‘इपेक’ म्हणतात. तो शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. हा कागद तिथेच, पैसे देण्याआधी, वाचायला अर्धे मिनिट लागले असते.

दुकानाला मेल लिहिली. अत्यंत सभ्य उत्तर आले की मालाचे वर्णन प्रमाणपत्रात दिलेले आहे आणि आमच्यासारख्या जाणकार ग्राहकांनी तो स्वतः पारखून घेतला होता. सहल विकणाऱ्यांनी कळवले की खरेदीशी त्यांचा संबंध नाही. बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवली तेव्हा त्यांनी बिल आणि वर्णनाचा कागद मागितला. वर्णनात फ्लोश लिहिलेले, आणि बिलावर 450 युरो. उरलेल्या 1,450 युरोंचे काय, या प्रश्नाला आमच्याकडे सांगता येईल असे उत्तर नव्हते. तक्रार आम्हीच मागे घेतली. तुर्कस्तानात पर्यटन पोलीस आहेत, ग्राहकांच्या तक्रारींसाठी लवाद समित्याही आहेत. पण त्यांच्या दारात जायचे तर माणूस तिथे हवा आणि हातातले कागद खरे हवेत.

गालिचे पाहायला कोणी जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. ती कला खरोखर डोळ्यांचे पारणे फेडणारी आहे, आणि आमचा गालिचाही कोणा बाईने महिनोन्‌महिने बसून हाताने विणला आहे. मात्र लव कशाची आणि ताणा कशाचा, हे विक्रेत्याकडून आपल्याला कळेल अशा भाषेत बिलावर लिहून घ्यावे, लवेतला एक धागा जाळून पाहू देण्याची विनंती करावी आणि नकार मिळाला तर चहा संपवून उठावे. तोच आकार, तीच लव बंदराजवळच्या काचेमागे 380 युरोंना टांगलेली होती, आणि तिथे तर घासाघीसही सुरू झालेली नव्हती.

450 युरोंच्या त्या बिलाचा उपयोग मात्र एकदा झाला. येवल्याला बशीतली राख झटकून मामांनी विचारले, “केवढ्याला पडला?” मी पर्समधून ते बिल काढून त्यांना दाखवले.