यात्रेतला व्हीआर शो : तुतनखामेनची कबर

आमच्या तालुक्याच्या यात्रेत आकाशपाळण्याशेजारी हा तंबू लागलाय. तिकीट ५० रुपये. नातवाला घेऊन गेलो होतो, अन् मीच दोनदा पाहून आलो.

डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारा डबा चढवला की १६ पायऱ्या उतरून आत. प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याची ही कबर, हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्वज्ञाला १९२२ साली सापडलेली. आतल्या ५,००० हून जास्त वस्तू बाहेर काढायला जवळपास दहा वर्षं लागली. एकात एक तीन शवपेट्या, सर्वांत आतली ११० किलो सोन्याची. पण मी थबकलो टोपल्यांपाशी. मसूर, हरभरा, मेथी, धने! तीन हजारांवर वर्षांपूर्वी राजाच्या शिदोरीला बांधून दिलेले. ममीला गुंडाळलेलं कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं. आमच्या घरी जवस म्हणजे चटणी अन् तेल, बस. घरी येऊन डब्यातला मूठभर जवस हातावर घेऊन बसलो होतो.

निवेदन हिंदीत, अन् फार घाईचं. सोन्यावरच सगळा वेळ जातो, धान्याची नावं नातवाला मीच सांगितली. पट्टाही सैल होता, एका हाताने धरून ठेवावा लागला. दुपारी जा, रांग नसते.