दहा रुपयांचं ताट : जिल्हा रुग्णालयामागचं शिवभोजन केंद्र

मी आशा सेविका आहे. गावातल्या गरोदर बाईला अवघड बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे जाताना एकशे दोनची गाडी आणि येताना एसटी, असं माझं महिन्यातून एकदा तरी होतंच. त्यामुळे दवाखान्याच्या मागच्या फाटकाबाहेरच्या शिवभोजन केंद्रावर, म्हणजे राज्य सरकारच्या दहा रुपयांच्या ताटाच्या केंद्रावर, मी आजवर पन्नासएक वेळा तरी जेवले असेन. केंद्र बचत गटाच्या बायका चालवतात. झेरॉक्सचं दुकान, मग मेडिकल, मग यांचा पत्र्याचा गाळा. आत चार बाकडी आहेत, बाकीचे भिंतीला टेकून उभ्याने जेवतात. बारा वाजता ताटं सुरू होतात आणि पाऊण वाजता रांग रस्त्यावर येते.

ताटात दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात आणि एक वाटी वरण. मापं सरकारनं ठरवून दिलेली आहेत : चपाती ३० ग्रॅमची, भाजी १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम. इथलं वरण मला मनापासून आवडतं. तुरीचंच असतं, पळीवाढं असतं, आणि फोडणीतला लसूण लाल होतो पण करपत नाही. दीडशे माणसांच्या पातेल्यात हे रोज जमवणं सोपं नाही. भात जाड तांदळाचा, पण मोकळा. भाजीचं मात्र वारावर आहे. मटकीची उसळ असेल त्या दिवशी पोट भरतं, दुधी किंवा बटाट्याचा रस्सा असेल त्या दिवशी वाटीच्या तळाशी दोन फोडी सापडतात. चपात्या अडीचनंतर कडक होतात, म्हणून लवकर गेलेलं बरं.

आणि चपाती कमी पडते. आमच्याकडची एक भाकरी या दोन चपात्यांपेक्षा जड असते. रांगेत माझ्या पुढे बहुतेकदा हमाल, सेंट्रिंगवाले, रात्रपाळी करून आलेले वॉचमन असतात. त्यांना हे ताट म्हणजे अर्धं जेवण. ‘ताई, अजून एक चपाती’ असं कुणी म्हटलं की वाढणारीचा हात थांबतो, कारण तिला हिशेब द्यायचा असतो. यात दोष तिचा नाही, तीस ग्रॅमचं माप लिहिणाऱ्यांचा आहे.

दुसरी गोष्ट फोटोची. ताट हातात घेण्याआधी मोबाईलवर नाव टाकायचं आणि फोटो काढून घ्यायचा. खोटी ताटं दाखवून बिल उचलू नये म्हणून हे आहे, ते मला कळतं. पण मी एका म्हातारीला पदर तोंडावर ओढून घेताना पाहिलंय. ‘मावशी, इकडं बघा जरा’, दोनदा म्हटलं तरी तिनं वर बघितलं नाही. शेवटी मुलीनं तसाच फोटो काढला आणि ताट दिलं. हॉटेलात दीडशे रुपयांची थाळी घेणाऱ्याचा फोटो कुणी मागत नाही. बिलं तपासायची तर किराण्याच्या पावत्या तपासा, अचानक येऊन ताटं मोजा. भूक लागल्याचा पुरावा चेहऱ्यानं देण्याची वेळ कुणावर येऊ नये.

या केंद्राची किंमत मला कळली ती गेल्या पावसाळ्यात. एका पोरीचं सिझर झालं. सोबत सासू होती, तिच्या कनवटीला दोनशे रुपये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला जेवण फुकट असतं, साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझरला सात. सोबतच्या माणसाला मात्र काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर सून आणि सासू एकाच ताटात जेवत होत्या. म्हणजे ज्या बाईच्या अंगावर टाके आहेत, जिला बाळाला पाजायचंय, ती अर्धपोटी. मी म्हातारीला हाताला धरून खाली आणलं. ती भिंतीला टेकून जेवली. एक चपाती खाल्ली आणि दुसरी घडी घालून पदराच्या गाठीत बांधली, रात्रीसाठी. उरलेले चार दिवस, रोज दहा, चाळीस रुपयांत तिचं भागलं आणि सुनेला पूर्ण ताट मिळालं. दवाखान्यामागच्या केंद्राचा उपयोग कागदावर ‘गरीब व गरजू’ या दोन शब्दांत उरकतात. प्रत्यक्षात तो असा असतो.

दिवाळीनंतर गेले तर शटर खाली. पाटीवर खडूनं लिहिलेलं, ‘काही दिवस बंद’. केंद्राची ताई शेजारच्या मेडिकलपाशी भेटली. बिलं कित्येक महिन्यांची अडकलेली, किराणावाल्यानं उधार बंद केलं. एका ताटामागे शहरात ५० रुपये धरलेत, खेड्यात ३५. त्यातले दहा आपण देतो, बाकीचे सरकारनं द्यायचे. हा दर २०२०मध्ये ठरला. त्यानंतर तेल, डाळ, सिलिंडर कुठल्या कुठं गेलं. त्यातही बिल वेळेवर नाही. ती सांगत होती आणि मला आमचं मानधन आठवत होतं. आझाद मैदानावर आम्हीही बसलोय. काम रोजचं आणि पैसे मात्र सवडीनं, हे सहन करायची पाळी नेमकी बायकांच्याच कामावर येते.

केंद्र आता पुन्हा सुरू झालंय. पण ते बंद का पडू शकलं, हेही या परीक्षणात लिहायला हवं. शिवभोजन २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं. लॉकडाऊनमध्ये ताट पाच रुपयांना केलं, २०२१च्या दुसऱ्या लाटेत फुकट दिलं. त्या दिवसांत आम्ही दारोदार ऑक्सिजन मोजत फिरत होतो, तेव्हा या ताटानं किती माणसं तगली ते मी पाहिलंय. तरीही त्याच्यामागे कायदा नाही, नुसता जीआर, म्हणजे सरकारी आदेश आहे. तरतूद कमी झाली की ताटं कमी होतात आणि जाब विचारायला जागा नसते. त्याआधी १९९५च्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली होती. तीही केंद्रं पुढे बंद पडली. पक्ष कुठलाही असो, योजना त्याच्या नावावर चालली की सरकारबरोबर तिचंही नशीब फिरतं.

रोजगार हमीचं तसं झालं नाही. १९७२च्या दुष्काळात सुरू झालेलं काम विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी धरून लावलं आणि १९७७मध्ये आपल्या विधिमंडळानं त्याचा कायदा केला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. पैशांसाठी १९७५मध्येच शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. म्हणजे हक्कही लिहिला आणि तो पुरा करायला पैसाही बाजूला काढला. २००५मध्ये देशानं तोच धडा गिरवून मनरेगाचा, म्हणजे देशभरच्या रोजगार हमीचा कायदा केला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं तो २००५चा कायदा मोडून नवा आणला आणि मजुरीचा भार राज्यांवरही टाकला. याचं मला वाईट वाटतं आणि मी त्याच्या विरोधात आहे. पण निदान तो बदल सभागृहात, सगळ्यांसमोर करावा लागला. आमच्या केंद्राच्या पाटीवर खडूनं लिहायला कुणालाच मतदान करावं लागलं नाही.

दिल्लीनंही एक संधी घालवली. अन्नसुरक्षा कायद्याच्या २०११च्या मसुद्यात बेघरांसाठी स्वस्त दरातल्या सामुदायिक स्वयंपाकघराची आणि निराधारांना रोज एका फुकट जेवणाची तरतूद होती. २०१३मध्ये कायदा झाला तेव्हा ती गळली. धान्याचा हक्क राहिला, गरोदर बायकांचा आणि मुलांचा आहार राहिला, शिजवलेल्या ताटाचा मोठ्या माणसांचा हक्क गेला. रेशनचं पाच किलो धान्य घरी चूल असलेल्यालाच उपयोगी. दवाखान्याच्या व्हरांड्यात सात दिवस झोपणाऱ्या सासूनं तांदूळ कुठं शिजवायचा?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा करावा. प्रत्येक सरकारी दवाखान्याजवळ, बसस्टँडवर, मजूर अड्ड्यावर शिजवलेलं जेवण मिळेल, ताटाचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे बदलेल आणि बिल ठरलेल्या दिवसांत नाही मिळालं तर व्याज द्यावं लागेल, एवढं त्यात असावं. तामिळनाडूत २०१३पासून अम्मा उणवगम ही सरकारी स्वस्त जेवणाची केंद्रं आहेत, कर्नाटकात २०१७पासून तशीच इंदिरा कँटीन. तिथेही सरकार बदललं की त्यांच्यावर गंडांतर आलेलं आहे, म्हणून आपण त्यांची फक्त नक्कल करू नये. वर कायद्याचं छप्पर घालावं.

केंद्रावर जाणार असाल तर साडेबाराच्या आत जा. दहाची नोट किंवा सुट्टे न्या, शंभराची मोड तिथे मिळत नाही. पाण्याची बाटली भरून ठेवा, हात धुवायच्या नळाखालची मोरी तुंबलेली असते आणि ती दुरुस्त व्हायला हवी. भाजी पातळ दिसली तर वरण जास्त मागा, ते नाही म्हणत नाहीत. आमदारांना द्यायचं निवेदन आम्ही गल्ल्याशेजारी ठेवलंय, वहीला दोरीनं पेन बांधलेलं आहे. सही येत नसेल तर अंगठ्यासाठी शाईचा पॅडही आहे.