टीव्हीखाली भिंतीवर टांगलेला साउंडबार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी टीव्हीखालचे कपाट हलवले आणि त्यावर ठेवलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीचा आवाज ऐकवणारा लांबट स्पीकर, भिंतीवर टांगला. त्याच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नव्हती. अडचण अशी होती की समोर बसल्यावर टीव्हीची खालची कड बारच्या आड जात असे आणि रिमोटचा डोळा नेमका त्याच कडेत असल्यामुळे आवाज कमी करण्यासाठीही हात डोक्याइतका वर धरावा लागत असे. ती अडचण पहिल्याच दिवशी संपली. भिंतीवर लावल्याने आवाज सुधारतो, असे सर्रास सांगितले जाते. माझा अनुभव तसा नाही. आवाज आधी बिघडला आणि तो पुन्हा बराचसा पूर्वीसारखा करण्यात जवळजवळ दोन महिने गेले.

सर्वांत मोठी चूक अंतराची झाली. छायाचित्रांमध्ये टीव्ही आणि बार एकमेकांना जवळजवळ चिकटलेले सुबक दिसतात, म्हणून मी दोहोंमध्ये जेमतेम ३ सेंटीमीटर जागा सोडली. माझ्या बारच्या वरच्या अंगाला दोन स्पीकर आहेत. त्यांचा आवाज छतावर आदळून ऐकणाऱ्याकडे येतो आणि डॉल्बी ॲटमॉस या ध्वनिपद्धतीत वरून काही घडत असल्याचा जो भास होतो, तो याच परावर्तनावर अवलंबून असतो. बार कपाटावर होता तेव्हा तो टीव्हीच्या बराच पुढे असल्याने हा मार्ग मोकळा होता. भिंतीवर गेल्यावर मात्र बारची पुढची कड भिंतीपासून १० सेंटीमीटरवर आणि टीव्हीची ८ सेंटीमीटरवर आली, म्हणजे वर तोंड केलेल्या स्पीकरांवर टीव्हीचे बूड वळचणीसारखे आले. चित्रपटातला पाऊस, जो पूर्वी खोलीभर पडत असे, तो आता टीव्हीच्या खालच्या कडेपाशीच पडू लागला. वर किती जागा मोकळी हवी, हे सोबतच्या पुस्तिकेत आकृतीसह छापलेले होते. ते पान मी भोके पाडून झाल्यावर वाचले.

सहा आठवड्यांनी बार खाली घेतला आणि अंतर ११ सेंटीमीटर केले. हे स्पीकर किंचित पुढे कललेले असतात, त्यामुळे बार जितका खाली जाईल तितका त्यांचा आवाज टीव्हीची कड चुकवून वर जातो. कपाटावर असतानाचा परिणाम पूर्ण परत आला, असे मी म्हणणार नाही, पण बराचसा आला. जुनी भोके लांबीने बुजवून त्यांवर रंग लावला. ती बारच्या मागे लपली असती तर बरे झाले असते, परंतु बार खाली सरकल्याने ती नेमकी मधल्या मोकळ्या पट्ट्यात आली आहेत. पाहुण्यांना ती दिसत नाहीत, मला रोज दिसतात. ज्यांच्या बारमध्ये वरच्या दिशेचे स्पीकर नाहीत, त्यांनी इतके अंतर ठेवण्याची गरज नाही. रिमोटचा डोळा झाकला जात नाही आणि वायरींपाशी बोटे पोहोचतात, एवढे पाहिले तरी पुरे.

भोके पाडण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खोक्यात भोकांच्या खुणा छापलेला कागद मिळतो, तो भिंतीवर चिकटवून ६ मिलिमीटरच्या बिटने भोके पाडावीत, त्यांत प्लास्टिकचे प्लग बसवावेत आणि स्क्रू आवळावेत. विजेच्या सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत शक्यतो ड्रिल लावू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषांत असतात. हा कागद इंटरनेटवरून घेऊन छापला असेल, तर दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून बारच्या पाठीवरील खाचांशी ताडून पाहावे, कारण छापताना चित्र पानात मावण्यासाठी थोडे लहान होते आणि ते डोळ्यांना कळत नाही. पाणसळीबाबत मात्र एक गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. मी बार पाणसळ लावून अगदी समतल बसवला आणि तरीही तो वाकडा दिसू लागला. तपासल्यावर कळले की वाकडा टीव्ही होता. त्या दोन कडा इतक्या जवळ असतात की डोळा त्यांची एकमेकींशीच तुलना करतो. त्यामुळे आधी टीव्ही सरळ करावा आणि मगच बारची रेघ मारावी.

बारच्या पाठीवरच्या खाचा स्क्रूच्या डोक्यांवर अडकतात, म्हणून स्क्रू भिंतीबाहेर काही मिलिमीटर ठेवावे लागतात. ते फार आवळले तर बार अडकत नाही आणि फार सैल ठेवले तर तो हलतो. माझे स्क्रू थोडे सैल राहिले असावेत, कारण तिसऱ्या महिन्यात ढोल वाजला किंवा स्फोट झाला की एक बारीक गुरगुर ऐकू येऊ लागली. स्पीकर फाटला, असे समजून मी चार दिवस हळहळत होतो. प्रत्यक्षात बारची मागची खालची कड भिंतीवर थरथरत होती. स्क्रू अर्धा फेरा आवळला, खालच्या दोन कोपऱ्यांमागे खुर्चीच्या पायांना लावतात तशा नमद्याच्या चकत्या चिकटवल्या आणि आवाज थांबला तो थांबलाच.

जोडणीसाठी एचडीएमआयची एकच केबल पुरते, मात्र ती टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टमध्येच लावावी लागते, कारण टीव्हीचा आवाज बारकडे पाठवण्याची सोय त्याच पोर्टमध्ये असते. एआरसीची सोय २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आली. ईएआरसी पुढे एचडीएमआय २.१ मध्ये आली आणि तिची क्षमता कितीतरी अधिक आहे. ऑप्टिकल केबलने साधा आवाज व्यवस्थित येतो, पण ॲटमॉस येत नाही. भिंतीवर लावताना खरा त्रास होतो तो केबलच्या डोक्याचा. बारच्या पाठीमागची खाच उथळ असल्याने माझी जाड केबल तिथे जवळजवळ काटकोनात वाकली. तेव्हापासून आठवड्यातून एकदोनदा आवाज अचानक टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर जाऊ लागला. दोन्ही उपकरणे प्लगमधून काढून पुन्हा लावली की तेवढ्यापुरते ठीक होई. बारीक आणि लवचीक केबल घेतल्यापासून हा प्रकार घडलेला नाही, म्हणून दोष त्या ताणाचाच होता, असे मी धरून चालतो.

आता भिंतीमुळे आवाजात पडलेल्या फरकाविषयी. खालच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या मागेही पसरतो आणि भिंत अगदी जवळ असली की परतून पुढच्या आवाजात मिसळतो. तत्त्वतः अशा एका भिंतीमुळे तो ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो. ऐकताना ही वाढ सुरुवातीला सुखावह वाटली. दोन दिवसांनी बातम्या ऐकताना लक्षात आले की पुरुषांचे आवाज मडक्यात बोलल्यासारखे येत आहेत आणि घरातील वडीलधाऱ्यांना शब्द कळत नाहीत. सेटिंगमध्ये बार भिंतीवर आहे की टेबलावर, हे निवडण्याची सोय होती. ती बदलली आणि बास, म्हणजे हाच खालच्या पट्टीतला आवाज, दोन अंकांनी कमी केला, तेव्हा संवाद स्वच्छ झाले. ज्यांच्या बारमध्ये ही सोय नसेल, त्यांनी निदान बास कमी करून पाहावा. सबवूफर, म्हणजे खोल आवाजासाठीचा वेगळा स्पीकर, जमिनीवरच राहिला आहे. खोल आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नसल्याने तो कोपऱ्यात असला तरी बिघडत नाही, पण विजेची वायर त्यालाही लागते आणि ती वायर अजून उघडीच आहे.

जाळीच्या कापडावर धूळ मात्र आता कमी बसते.

पुढे मोठा टीव्ही घेण्याचा विचार असेल, तर तो हिशेब आधीच करावा. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटीमीटर असते आणि ६५ इंचीची सुमारे ८१, म्हणजे मध्यबिंदू तोच ठेवला तर खालची कड ६ सेंटीमीटर खाली उतरते. मी मोठ्या कष्टाने मिळवलेल्या ११ सेंटीमीटरांपैकी मग ५ च उरतील. टीव्ही बदलण्याचा विषय घरात निघू लागला आहे, आणि भोकांची तिसरी जोडी कुठे पाडायची, हे मी पेन्सिलीने भिंतीवर आखूनही ठेवले आहे.